सोड्याची दिंडं

वाशीमला समुद्र नाही, ही गोष्ट माझ्या मामेसासऱ्यांनी कधीच मान्य केली नाही. जन्म इथलाच, आसेगावचा; तरुणपणी कोकणातल्या एका बंदरावर व्यापाऱ्याकडे मुनीम म्हणून गेले आणि उतारवयात तिथली मामी आणि तिथलं पाणी डोक्यात घेऊन परत आले. सकाळी दारात उभं राहून बोटांवर तिथी मोजायची आणि आल्यागेल्याला सांगायचं, "आज दुपारी भरती हाय." एकदा भाजीवालीनं टोपली खाली ठेवून विचारलं, "पोलिसात हाय का, मालक? माह्या पोराले घेतीन का?" ओहोटीला ते न्हाव्यासमोर बसत नसत, केस पुन्हा येत नाहीत म्हणे. मृगाच्या आधी घरची बैलगाडी होडीसारखी उलटी करून तिला तेल पाजत. बैल बाजूला उभे राहून बघत. मामी आतून ओरडायची, "पुरे हो ती भरती! लोक हसतात."

सत्तावन्न सालचा पौष. मी ओसरीवर तूर पाखडत होते, तेव्हा मामा आले. भरतीचं बोलले नाहीत, तेव्हाच मी सूप खाली ठेवलं. मामीचा हिवताप उतरला होता, पण अन्न आत जात नव्हतं. पेज ओठाशी नेली की मान फिरवायची. आता औषध नाही, खाल्लं तरच उठतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"सूनबाई, मोदक करून दे. सोड्याचे."

"खायचा सोडा का धुन्याचा?"

"अवं सोडे! सुके झिंगे! तिच्या माहेरून आले हायत. तापात तेच मांगत होती."

आमच्या चुलीवर मासळी चढत नसे. मी वाफवायची चाळणी उचलली आणि त्यांच्याच घरी गेले. सोडे भिजवले, कांदा, खोबरं, तिखट घालून सारण परतलं. मोदकाच्या कळ्या मामा शिकवत होते; त्यांनी आयुष्यात फक्त खाल्लेल्या. आमचा तांदूळ जाडा. उकड चिरत होती. वाफ लागली तसे सगळे मोदक उमलले आणि सारण खालच्या पाण्यात गेलं. कढईत जेमतेम मूठभर उरलं.

मामा हातात झाकण घेऊन खाली बसले. "दुसरे सोडे येईस्तोवर ती राहीन का वं?"

"रडनं मंग करा. परात द्या."

मी कणीक घट्ट मळली, पोळी लाटली, सारण मधे ठेवून चारी बाजूंनी मुडपली आणि चाळणीत वाफेला ठेवली. नागपंचमीला पुरणाची दिंडं करतो, तशी.

"दिंडात झिंगे? नागोबा कोपन!"

"पौषात नागोबा झोपला राह्यते. जाळ सारा."

ते सारखं झाकण उचलायला बघत. शेवटी मी त्यांच्या हातावर उलथण्याची एक ठेवून दिली.

मामीनं ताटलीतल्या त्या चौकोनाकडे बराच वेळ पाहिलं. "हे काय?"

"मोदक," मामा म्हणाले.

"डोळे गेले नाहीत माझे." तिनं कोपरा मोडला, तोंडात घातला. आम्ही दोघं तिच्या गळ्याकडे बघत राहिलो. घास उतरला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली, आणि दुसरा कोपरा मोडला.

मामा उठून ओट्यावर गेले. मी पाणी घेऊन गेले, तर उपरण्यानं नाक पुसत म्हणाले, "तिखट लई झालं." त्यांनी एकही दिंड तोंडात घातलं नव्हतं.

सकाळी त्यांच्याच अंगणात मी ती चाळणी राखेनं घासली. वास जाईना. पुन्हा घासली. मग म्हटलं, राहू दे, आता ही त्यांच्याकडेच राहील. मामा दारात उभे होते. आतून मामीचा बारीक आवाज आला, "अहो, आज भरती कधी?"

इतक्या वर्षांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं होतं. मामांनी बोटं उचलली आणि तशीच धरून ठेवली. तिच्या आजारपणात मोजणी सुटली होती.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "आज तिथी कोनती वं?"

"नवमी," मी म्हणाले. आत जाऊन चाळणी चुलीशी ठेवली, कणीक काढली आणि कालच्या उरलेल्या सारणात आठवणीनं मीठ घातलं.