साडेतेवीस इंच आणि जसिंतामावशी

हस्की दुकानात शिरला की जसिंतामावशी आधी टेप काढायची. कुत्र्याचं नाव काय, अंघोळ हवी की नखं कापायची, हे सगळं नंतर. ॲप्रनच्या खिशातून शिंप्याची पिवळी टेप निघायची, मावशी गुडघ्यावर हात टेकून खाली बसायची आणि जमिनीपासून कुत्र्याच्या खांद्याच्या उंचवट्यापर्यंत माप घ्यायची. "बावीस. पास!" नर एकवीस इंचांच्या खाली राहिला किंवा साडेतेवीसच्या वर गेला की नापास. नापास झालेल्याला बिस्कीट मात्र मोठं मिळायचं. मालकांनी विचारलं, हे कशाला, तर "रजिस्टरला लागतं," असं बिनदिक्कत ठोकून द्यायची. असलं कुठलंही रजिस्टर आमच्याकडे नव्हतं. मला पक्कं माहीत होतं, कारण रजिस्टरं मीच सांभाळायचे.

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका टॉवरखाली कुत्र्यामांजरांचं आमचं सलून होतं. मी रिसेप्शनला, मावशी आत टेबलावर. ती वसईची, तेव्हा सत्तावन्न वर्षांची, बुटकी. वर्षानुवर्षं कुत्री उचलून तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. आम्ही दोघी दुबईच्या करामा भागात शेजारशेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायचो. मी नवऱ्याबरोबर एका खोलीत, ती तीन वसईकरणींबरोबर एका खोलीत. सकाळी आधी मेट्रो, मग बस. त्या बसमध्येच मला तिचा कागद पहिल्यांदा दिसला.

लॅमिनेट केलेला, कडा पिवळ्या पडलेल्या, घडी घालता येत नाही म्हणून पर्समध्ये तिरका कोंबलेला. मावशी पूर्वी एका परदेशी म्हाताऱ्या डॉक्टरकडे घरकामाला होती. त्याच्याकडे दोन हस्की होते आणि तरुणपणी तो स्वतः बर्फावरची गाडी कुत्र्यांकडून ओढून घ्यायचा. मायदेशी परतताना त्याने हा कागद हिच्या हातात ठेवला. हस्की कसा असावा, नाकापासून शेपटीपर्यंत, एकेक अवयवाचा नियम त्यात लिहिलेला. "हे ब्युटी कॉन्टेस्टसाठी नाही, असं डॉक्टर बोलायचे," मावशी म्हणाली. "काम करताना जे लागतं, तेच इथे लिहिलंय. पण बाय, माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेपण मराठीत. तू मला नीट उतरवून दे."

मग चार दिवस बसमध्ये मी इंग्रजी वाचायचे आणि शंभर पानी वहीत मराठी लिहायचे. प्रत्येक ओळीवर तिचं काहीतरी असायचंच. कान त्रिकोणी, ताठ, आतून केसाळ. "बर्फ आत जाऊ नये म्हणून." पाय लंबगोल, बोटांमध्ये केस. "हे त्याचे मोजे." डोळे बदामी आकाराचे. तपकिरी चालतील, निळे चालतील, एक निळा आणि एक तपकिरी असला तरी चालेल. इथे ती थांबली. "बघ, किती मोठं मन आहे लिहिणाऱ्याचं! आमच्याकडे नवरी बघायला आले तर एवढी सूट देतात काय?" आणि मोठ्याने हसली. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला.

तिचा सगळ्यात लाडका शब्द होता 'मध्यम'. हाड मध्यम, अंग मध्यम, केसांची लांबी मध्यम. जास्त उंच नको, जास्त जाड नको, कारण हलकं ओझं घेऊन लांबवर पळायचं असतं. "दिखाऊ असतो ना, तो दोन मैलांत बसतो," ती म्हणायची. "कामाचा प्राणी मध्यमच असतो. तू, मी, सगळे." शेवटाकडे एक नियम होता: मिशा आणि पावलांभोवतीचे केस कापले तर चालतील, बाकी अंगाला कुठेही कात्री लावली तर तो मोठा दोष धरावा. ही ओळ तिने मला दोनदा लिहायला लावली. दुसऱ्यांदा लाल पेनने.

त्या लाल ओळीवरून पुढे सगळं रामायण झालं.

जूनमध्ये साठे म्हणून एक गृहस्थ त्यांचा हस्की घेऊन आले. फ्रॉस्टी त्याचं नाव, बरोबर त्यांची नऊ वर्षांची मुलगी. मावशीने टेप लावली आणि ओरडली, "साडेतेवीस! एक दोरासुद्धा वर नाही. काय माप आहे!" साठे म्हणाले, "हो का? बरं. याचा समर कट करून टाका. पूर्ण झीरो. बाहेर सत्तेचाळीस डिग्री आहे, बिचारा कोट घालून फिरतोय."

"कोट नाही साहेब, छत्री आहे ती," मावशी म्हणाली. तिने फ्रॉस्टीच्या पाठीवरचे केस दोन्ही हातांनी दुभंगून दाखवले. वरचे केस ऊन अडवतात, खालची लोकर सुटी झाली की विंचरून काढायची, मग हवा खेळते. वस्तरा फिरवला तर कातडी भाजते आणि परत केस नीट येतील याची खात्री नाही. तिने मुलीचा हात धरून आत घातला. "गरम लागतंय?" मुलगी म्हणाली, "नो. इट्स सॉफ्ट."

साठ्यांना ते पटलं नाही. आमचे मॅनेजर समीर सर केबिनमधून बाहेर आले. दारावरच्या बोर्डवर समर कट त्यांनीच मोठ्या अक्षरांत लिहिला होता. "आंटी, कस्टमर बोलता है तो करना पडता है. यल्ला, जल्दी."

"करना पडता है तो आप करो," मावशी म्हणाली. तिने केस कापायच्या मशीनचं पातं काढलं, ॲप्रनच्या खिशात टाकलं आणि खिशावर हात ठेवून उभी राहिली. सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी की-बोर्डकडे बघत राहिले. त्या की-बोर्डवर बघण्यासारखं काही नव्हतं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

साठे फ्रॉस्टीला घेऊन दुसरीकडे गेले. मावशीला वॉर्निंग लेटर मिळालं. तिने ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि सही न करता परत केलं. "यात लिहिलंय मी काम केलं नाही. मी तर कामच करत होते."

ऑक्टोबरमध्ये साठे परत आले. फ्रॉस्टीला मी ओळखलंच नाही. पाठीवर कुठे लोकर, कुठे उघडी कातडी, कमरेजवळ उन्हाने काळपट झालेला चट्टा. वाळवी लागलेल्या सतरंजीसारखा दिसत होता. साठ्यांची मान खाली. मला वाटलं, आता मावशी त्यांना सोलून काढणार. तिने टेप काढली, खाली बसली आणि माप घेतलं.

"साडेतेवीस," ती म्हणाली. "उंची तेवढीच आहे साहेब. हाडाला कोणाचं मशीन लागत नाही." मग फ्रॉस्टीच्या कपाळाला कपाळ टेकवून बसून राहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत. "दर शनिवारी घेऊन या. दुपारी उन्हात सोडू नका. आणि याला आरशासमोर उभं करू नका, याला लाज वाटते."

दर शनिवारी ते आले. हळूहळू केस भरत गेले, पूर्ण नाहीच. पाठीवरचा एक पट्टा तसाच राहिला.

एवढं डोळ्यांसमोर होऊनसुद्धा मार्चमध्ये समीर सरांनी समर कटचा नवा बोर्ड आणला, त्यावर हसऱ्या हस्कीचा फोटो. त्याच महिन्यात मावशीचा व्हिसा रिन्यू व्हायचा होता. नव्या कॉन्ट्रॅक्टमध्ये एक कलम वाढलं होतं: बोर्डवरची प्रत्येक सर्व्हिस करावी लागेल. सही केली नाही तर व्हिसा कॅन्सल, वसईचं तिकीट. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला दुसरीकडे कोण घेणार होतं? वसईच्या घराचं वरचं छप्पर अजून व्हायचं होतं. ते छप्पर ती बसमध्ये मला रोज बोटाने हवेत काढून दाखवायची.

मी तिला समजावलं, "मावशी, सही करून टाक. हस्की आला की सुट्टी घे, पोटात दुखतंय म्हण."

"आणि मग दुसरं कोणीतरी कापेल. पोट माझं दुखेल, पाठ त्याची जळेल."

"तू तरी काय करणार? एक कुत्रा तो."

तिने पर्समधून तो लॅमिनेट केलेला कागद काढला. "बाय, तो मला काही सांगू शकत नाही. म्हणून त्याचा कागद मी वाचला. आता मला वाचता येत नव्हतं असं कसं सांगू?"

दुसऱ्या दिवशी तिने कॉन्ट्रॅक्टवर त्या कलमाखाली मराठीत लिहिलं, 'हस्कीला कात्री लावणार नाही', आणि त्याच्याखाली सही केली. सर म्हणाले, "आंटी, ये नहीं चलेगा. खलास." मावशी म्हणाली, "खलास तो खलास."

तिचा एक्झिट फॉर्म मलाच भरायचा होता. नोकरी सोडण्याचं कारण, या रकान्यात सरांनी सांगितलं, लिहा, कामात अडथळा. माझी बोटं अडली. मावशी समोर उभी होती, चपला घालून, पर्स खांद्याला. "खरं लिही," ती म्हणाली. "हस्कीचे केस कापायला नकार दिला. आणि मोठ्या अक्षरात लिही, मला चष्म्याशिवाय दिसू दे."

मी लिहिलं. सरांकडे न बघता प्रिंट काढली. तिने एक कॉपी मागून घेतली, त्या लॅमिनेट केलेल्या कागदाला चिकटवून पर्समध्ये ठेवली, शंभर पानी वही माझ्या काउंटरवर ठेवली आणि निघाली. एअरपोर्टवर साठे फ्रॉस्टीला घेऊन आले होते. कुत्र्याला आत सोडत नाहीत, म्हणून पार्किंगमध्येच मावशीने शेवटचं माप घेतलं. किती भरलं ते मला विचारावं लागलं नाही.

तिचा एक्झिट फॉर्म वसईच्या घरात भिंतीवर फ्रेम करून लावलाय, येशूच्या तसबिरीच्या शेजारी. छप्पर अजून झालेलं नाही. गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर मला ती फ्रेम दाखवत होती. अंगणात गल्लीतलं एक पिवळं कुत्रं बसलं होतं. "सतरा इंच," मावशी म्हणाली. "साफ नापास. पण पळतो बघ कसा!" मग आवाज हळू करून विचारलं, "तिकडे कापतात काय गो अजून?"

मी म्हणाले, काल एक बाई हस्की घेऊन आल्या होत्या, समर कटसाठी. मी काउंटरखालून शंभर पानी वही काढली, लाल ओळ इंग्रजीत वाचून दाखवली आणि सांगितलं, आम्ही हस्कीचे केस कापत नाही.

"आणि समीर सर?"

मी म्हणाले, केबिनचं दार उघडंच होतं. सर ऐकत होते. ऐकू देत.