शून्याखालची ओळ

दोन हजार सालच्या आसपास मी नाशिकला द्वारकेजवळच्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे. मालाच्या नोंदी एका जागी नव्हत्याच. घोटीच्या घोटीला, मनमाडच्या मनमाडला. मी काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप करायची, की ती सगळ्या गोदामांच्या मशीनना विचारून उत्तर माझ्यापुढे आणून टाकायची. शेठ या प्रकारावर इतके खूश, की त्यांनी फोनच्या डायलला कुलूपच ठोकलं. म्हणे, "आता एसटीडीची चैन कशाला?"

ऐन थंडीत एका सकाळी घोटीकडची एक बाई धापा टाकत आली. तिनं नवीनच कोंबडीपालन काढलं होतं. मालेगावहून आमच्या गाडीत चढवलेली पहिलीच पिल्लं तिच्यापर्यंत पोचली नव्हती.

"ताई, परवाच अंड्यातून निघालेली हायेत. आज नाय घावली तर एक बी जगायचं नाय."

मी पावतीचा नंबर टाकला. उत्तर आलं, शून्य.

शेठ मागून डोकावले. "झालं! आपल्याकडे माल आलाच नाही. अंडी उबवणाऱ्याला जाऊन विचारा."

शून्याखाली मात्र एक बारीक ओळ होती, मनमाडकडून उत्तर नाही. माझी सटकलीच. "आलाच नाही काय, शेठ? मनमाड तोंडच उघडत नाहीये! फोनची किल्ली द्या ती आधी."

पुटपुटत का होईना, दिली त्यांनी. मनमाडच्या गोदामावरच्या काकांना मी फोन लावला.

"काका, तुमचा कॉम्प्युटर का बंद?"

"मीच प्लग काढलाय, पोरी. पुढची गाडी बिघडली, कोंबडीची पिल्लं हितंच अडकली. लय गारठली व्हती गं. प्लग एकच, तिथं बल्ब लावला त्यांच्यासाठी. कॉम्प्युटरला काय थंडी वाजतीय?"

मला हसावं की रडावं कळेना. "काका, फोन जरा खोक्यांजवळ धरा," म्हटलं आणि रिसीव्हर बाईच्या कानाला लावला. चिवचिव एवढी मोठी, की ती मलाही ऐकू येत होती.

बाईच्या डोळ्यांना धार लागली. पदरानं नाक पुसत ती फोनमध्येच ओरडली, "आले गं बायांनो, आले! तवर त्या बाबाजवळच बसा!"