हाय नसलेलं वाक्य

सुलेखाला वाक्य दिसलं की त्यातली चूक आधी दिसायची, अर्थ मागाहून. दुकानाची इंग्रजी पाटी असो, औषधाच्या बाटलीवरची सूचना असो, नाहीतर बसच्या पाठीवर रंगवलेलं काहीबाही, ती थांबायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "इथं 'द' राहिला." एका मैत्रिणीच्या इंग्रजी लग्नपत्रिकेतल्या चुका तिनं लाल पेनानं दुरुस्त केल्या आणि ती पत्रिका नेमकी नवरीच्या आईच्या हाती लागली. लग्नाचं जेवण तर बुडालंच, मैत्रीणही गेली. पाटण्याच्या मुसल्लहपूर भागात खोल्या घेऊन सरकारी परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरापोरींनी तिचं नाव ठेवलं होतं एररदीदी. या नावानं हाक मारली की ती रागवायची, पण ते सोंग फार वेळ टिकायचं नाही.

रविवारी सकाळी हीच मंडळी गंगेच्या घाटावर जमायची. पायऱ्यांवर पेपर वाटले जायचे, नंतर उत्तरांवर भांडणं व्हायची. इंग्रजीचा भाग सुलेखाकडे. ती वाक्य तीन तुकड्यांत वाचायची, ए, बी आणि सी. चूक ज्या तुकड्यात असेल ते अक्षर सगळ्यांनी ओरडायचं. चूक नसेलच तर डी, म्हणजे 'नो एरर'.

हा डी म्हणजे सुलेखाचा जन्माचा वैरी. वाक्य धडधाकट आहे असं तिला कधी वाटायचंच नाही. इतकी वर्षं चुका शोधायची सवय लागल्यावर बिनचुकीचं वाक्य तिला फसवं वाटायचं, काहीतरी लपवणारं. समस्तीपूरचा दिवाकर मागच्या पायरीवरून टोमणा मारायचा, "दीदी, देवानं समोर येऊन इंग्रजीत आशीर्वाद दिला तरी तुम्ही म्हणाल, थांबा महाराज, क्रियापद चुकलं."

"चुकलं असेल तर म्हणणारच," सुलेखा म्हणायची. "आशीर्वाद चुकीचा लागला म्हणजे?"

तिच्या काही युक्त्या मात्र घाटावर सगळ्यांना पाठ होत्या. त्यातली लाडकी 'हाय टाइम'ची. इंग्रजीत 'आता अगदी वेळ झाली' असं म्हणायला 'इट इज हाय टाइम' म्हणतात, आणि पुढची गोष्ट अजून घडलेली नसली तरी क्रियापद भूतकाळाचं घालतात. सुलेखानं त्याचा सोपा मंत्र केला होता. ती कपाळावर हात मारून विचारायची, "हाय म्हटलं की?" आणि पायऱ्यांवरून आवाज यायचा, "दुसरं रूप!" ती पुन्हा विचारायची, "आणि हाय नसेल तर?" "नुसतं टू!" म्हणजे 'टाइम टू गो'सारखं, क्रियापद साधं. नदीवर आंघोळीला आलेल्या बायका वळून बघायच्या, की सकाळी सकाळी ही पोरं कुणाच्या नावानं हाय हाय करताहेत.

हे हसणं घाटापुरतं होतं. खोलीवर आल्यावर सुलेखाच्या छातीवर जे दडपण बसायचं ते दुसरंच होतं.

शेखपुऱ्याजवळच्या गावात तिचे वडील, रामाशीषबाबू, होमिओपॅथीच्या गोळ्या द्यायचे. माणूस मऊ. रोग्याला "पथ्य पाळ" असंही ते ठणकावून सांगत नसत. "पाळलंस तर बरं" म्हणायचे. दोन मुली. त्यांची ऐपत पाटण्यात एकीला ठेवायची होती, दोघींना नाही. आधी सुलेखा आली. धाकटी पुतुल बीए होऊन घरी बसली होती, दीदीचं झालं की आपण, या आशेवर. पण दीदीचं होत नव्हतं. पहिल्यांदा थोडक्यात हुकलं, तेव्हा पुतुल स्वतःच म्हणाली, "अजून एकदा दे, दीदी. मी थांबते." दुसऱ्यांदा हुकलं तेव्हाही ती तेच म्हणाली, पण हळू आवाजात. तिसऱ्यांदा काहीच म्हणाली नाही. सुलेखानं तोंड उघडून आणखी एक संधी मागितली आणि बाबूजींनी दिली. ते न बोलणं सुलेखाच्या कानात अजून होतं.

आता या परीक्षेनंतर अर्ज करायचं तिचं वयच संपत होतं. लागली तर ती पगारातून पुतुलला पाटण्यात ठेवणार होती. नाही लागली तर हातात काही नाही, आणि धाकट्या बहिणीची इतकी वर्षं खाल्ली एवढाच हिशोब उरणार होता.

परीक्षेच्या केंद्रावर पंखे होते पण हवा नव्हती. गणित, सामान्यज्ञान ठीक गेलं. इंग्रजी तर तिचंच. हात सरसर चालत होता. मग पडद्यावर एक छोटं वाक्य आलं: 'इट इज टाइम ही केम होम.' त्याची घरी यायची वेळ झाली. पहिल्या वाचनात तिला त्यात काहीच खुपलं नाही, म्हणून तिनं डी दाबला आणि पुढं गेली.

सगळे प्रश्न संपवूनही वेळ उरला. हा उरलेला वेळ फार वाईट. ती मागं फिरली, पुन्हा त्या वाक्यापाशी आली, आणि तिचे डोळे बारीक झाले. टाइम आहे, पण हाय कुठं आहे? हाय नाही. मग 'केम' कसं? हाय नसेल तर नुसतं टू. घाटावरचे सगळे आवाज एकदम कानात ओरडले. बरोबर उत्तराला दोन गुण होते, चुकीला अर्धा वजा. कोपऱ्यातलं घड्याळ उलटं पळत होतं. तिनं डी काढला. बी दाबला, 'ही केम'चा तुकडा. परत डी. शेजारचा मुलगा खोकला तेव्हा ती दचकली. शेवटी घड्याळ संपता संपता तिनं बी दाबला आणि डोळे मिटून घेतले. पडदा आपोआप बंद झाला.

संध्याकाळी खोलीत तिची सोबतीण शगुफ्ता चहा उकळत होती. किशनगंजची, जिभेनं तिखट. दोघींची परीक्षा एकाच पाळीत होती.

"ते 'टाइम ही केम होम' काय केलंस?" सुलेखानं बॅग खाली ठेवायच्या आत विचारलं.

"डी."

"का?"

"का म्हणजे? ऐकायला बरं वाटलं."

"ऐकायला! हे काय गाणं आहे का? हाय कुठं होता त्यात?"

"हाय हाय करायचं तर तू कर बाई," शगुफ्ता म्हणाली. "मला इंग्रजी येत नाही हे मी मान्य करते, म्हणून ते माझ्याशी नीट वागतं. तू त्याला रोज पोलीस चौकीत नेतेस." मग मैत्रिणीचा चेहरा बघून तिनं चहात आलं जास्त टाकलं आणि विषय सोडला.

आयोगाची उत्तरं जाहीर झाली त्या दिवशी सुलेखानं बाकी सगळं नंतर पाहिलं, तो एक प्रश्न आधी पाहिला. उत्तर होतं डी.

"चूक आहे," ती म्हणाली. "त्यांचं उत्तरच चूक आहे."

आणि ती पेटली. हरकत घ्यायला थोडे दिवस होते. तिच्या गुणांची बेरीज गेल्या वेळच्या कटऑफच्या अगदी काठावर येत होती. हा एक प्रश्न इकडचा तिकडं झाला की आयुष्य इकडचं तिकडं होणार होतं. तिनं घाटावरच्या पोरांना गोळा केलं. दिवाकरनंही तिच्याच मंत्रानं बी लावलेला, आणखी कितीतरी जणांनी. आता ते सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. "दीदी, तुम्ही शिकवलंत म्हणून लावलं," दिवाकर म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं. सुलेखा ताडकन म्हणाली, "मी शिकवलं ते बरोबर आहे. सगळ्यांनी हरकत घ्या." रात्रंदिवस तिच्या डोक्यात तेवढंच. जेवताना ती मध्येच थांबायची आणि म्हणायची, "हाय नाही. हाय नाही ना!" शगुफ्ताला भीती वाटायला लागली होती.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी सुलेखा हरकत लिहायला बसली. शगुफ्ता शेजारी बसून टाइप करत होती. तेवढ्यात बाबूजींचा फोन आला.

"जेवलीस?"

"नंतर. बाबूजी, मी जरा कामात आहे. एक उत्तर चुकलंय त्यांचं. ते सुधारलं की माझं होईल."

रामाशीषबाबूंना भांडता येत नसे. घसा साफ करून ते म्हणाले, "ते होईल तेव्हा होईल. पुतुलचंही वय चाललंय. मी म्हणतो, सुलेखा... आता तू घरी आलेली बरी."

सुलेखा उत्तर द्यायला गेली आणि थांबली. तिचे डोळे बारीक झाले. शगुफ्तानं ते पाहिलं आणि तिला वाटलं, आता ही बापाच्याही चुका काढते की काय.

"बाबूजी, काय म्हणालात? परत म्हणा."

"रागावू नकोस, बेटा."

"रागावले नाही. परत म्हणा. तसंच, तेच शब्द."

"आता तू घरी आलेली बरी," बाबूजी भीत भीत म्हणाले.

आलेली. ती तर अजून पाटण्यात होती, तिनं पाऊलही उचललं नव्हतं, आणि बाबूजी म्हणत होते आलेली. 'ये' म्हणाले असते तर तो हुकूम झाला असता. तो त्यांना करायचा नव्हता, म्हणून घडायची गोष्ट घडून गेल्यासारखी बोलले, म्हणजे लेकीला लागणार नाही. कपाळावर हात मारला नाही, हाय म्हटलं नाही. आणि त्या बोलण्यात कुठंही चूक नव्हती. लहानपणापासून ती हेच ऐकत आली होती. गोळी घेतलेली बरी, उन्हात न गेलेलं बरं. घरात रोज बोललं जाणारं व्याकरण तिला इंग्रजीत ओळखू आलं नाही, कारण त्याला हायची शेपटी नव्हती. ती शेपटी तिनं स्वतः जोडली होती आणि शंभर पोरांना शिकवली होती.

"बघते, बाबूजी," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "शगुफ्ता, बंद कर ते."

"काय?"

"हरकत. नाही घ्यायची. त्यांचं बरोबर आहे. माझं चुकलं." मग ती भिंतीकडं तोंड करून रडली. शगुफ्ता नुसता पाठीवर हात ठेवून बसली.

दुसऱ्या सकाळी रविवार नव्हता, तरी सुलेखानं पोरांना घाटावर बोलावलं आणि उभ्यानंच सांगितलं, "हायचा मंत्र विसरा. नुसत्या टाइमनंतरही दुसरं रूप चालतं. मी चुकीचं शिकवलं." कुणी शिव्या दिल्या नाहीत. दोघं-तिघं मात्र उठून गेले आणि पुन्हा तिच्या पायरीवर आले नाहीत. ते तिनं बघितलं.

निकाल लागला. सुलेखा दीड गुणानं मागं राहिली. डीवर बोट राहिलं असतं तर अडीच गुण जास्त मिळून ती पार झाली असती. हा हिशोब तिनं एकदाच केला. शगुफ्ता पास झाली. तिला पेढे वाटायची लाज वाटत होती, तेव्हा सुलेखानंच पेढे आणले आणि खोक्यावरच्या इंग्रजीकडं न बघता ते उघडलं.

पुतुल आली ती एका पत्र्याच्या पेटीसह. जिन्यावर पेटी टेकवून ती दीदीच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "मला नाही यायचं होतं असं." सुलेखा म्हणाली, "तुला यायचंच होतं. खोटं बोलू नकोस, मला चुका लगेच दिसतात." दोघी हसल्या, आणि मग पुतुलला हुंदका आला. इतकी वर्षं ती थांबली होती, आणि आता जागा मिळाली ती बहीण उठली म्हणून.

रविवारी सुलेखा तिला घाटावर घेऊन गेली. सुलेखाची दुपारी गावाकडची गाडी होती, सामान बांधून झालं होतं. पोरं जमली. पुतुल पहिल्या पायरीवर अंग चोरून बसली. दिवाकर म्हणाला, "दीदी, शेवटचं वाक्य तुम्हीच घाला."

सुलेखानं कागद घेतलाच नाही. पाण्याकडं बघत तिनं तीन तुकड्यांत वाक्य म्हटलं. "इट इज टाइम. सुलेखा वेन्ट. होम."

घाटावर कुणी अक्षर ओरडलं नाही. सगळ्यांना उत्तर माहीत होतं.

"चूक आहे," पुतुल म्हणाली.

"कुठं?"

"आहे चूक, दीदी."

"ए, बी, की सी? दाखव."

पुतुलनं मान खाली घातली. तिच्या डोळ्यांतलं पाणी समोरच्या पेपरवर पडलं. सुलेखा वाट बघत राहिली, शिकवणाऱ्यानं बघावी तशी, पुरेसा वेळ देऊन.

"नो एरर," ती म्हणाली. पोरांनी तिच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं. मग तिनं पेपर पुतुलच्या हातात नीट धरवला, ओला भाग पदरानं टिपला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"चल, पुढचं वाक्य तू वाच. मोठ्यानं."