साहेब ‘बसा’ म्हणाले

कमळाकर हवालदार कमी बोलायचे. पेणच्या पोलीस लाईनीत आमची खोली त्यांच्या खोलीला लागून. मधली भिंत इतकी पातळ की त्यांच्या कुकरच्या शिट्टीला मी माझा गॅस बंद करायची. पण त्या भिंतीतून त्यांचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नाही. माणूस खाडीकाठचा. बाप मिठागरात राबून गेला आणि पोराने खाकी चढवली ती घर चालवायला, रुबाब मारायला नव्हे. रुबाब आमच्या घरात होता. माझा नवरा जगन शिपाई आहे, कमळाकरभावजींच्याच हाताखाली तयार झालेला. दोघांच्या वाट्याचं बोलणं तो एकटा बोलायचा.

विसर्जनाच्या बंदोबस्तात शिवा पडला, तिथून सगळं सुरू झालं. शिवाही आमच्याच लाईनीतला. आदल्या दिवसापासून तो उभा होता, त्याच्या जागी दुसरा माणूस आलाच नाही. तळ्याच्या काठी तो खाली बसला तो उठला नाही. ढोलांच्या आवाजात ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्याचं तेरावं झालं न झालं तोच त्याच्या बायकोला, पुतळीला, खोली रिकामी करायचा निरोप आला. त्या दिवशी मी रागाने भांडी आपटली. भावजींनी काही आपटलं नाही. पुढच्या रविवारी ते गाडीत बसले आणि रोह्याला गेले.

रोह्याला नझीरभाई राहतात, निवृत्त फौजदार. निवृत्त पोलीस आणि पोलिसांच्या घरची माणसं, अशी संघटना काढायचं त्यांच्या मनात घोळत होतं. नोकरीतल्या पोलिसाला संघटना करायला कायद्याने बंदी आहे. त्याच्या बायकोला नाही. कायदा करणाऱ्यांना बायका आठवल्या नसाव्यात, दुसरं काय! तर भावजींची बायको नमितावहिनी अध्यक्ष झाल्या आणि आम्ही सगळ्या सभासद. मागण्या दोनच: बंदोबस्तावरच्या माणसाला वेळेत सुट्टी मिळावी, आणि पुतळीला खोलीतून काढू नये. भावजींचं नाव कागदावर कुठेच नव्हतं, पण डोकं त्यांचंच होतं. सभेला ते साध्या कपड्यात येत, नझीरभाईंच्या पडवीत मागे बसत आणि अमीनाभाभींनी, नझीरभाईंच्या बायकोने, दिलेला चहा घेत. मुलगी किमया नर्सिंग शिकत होती आणि लाईनीतल्या खोलीशिवाय त्यांना घर नव्हतं. “माझा नाव निघाला का नोकरी गेली,” एवढंच ते एकदा म्हणाले होते. जगनही यायचा. तिथेही सगळ्यात मोठा आवाज त्याचाच.

तिसऱ्या सभेहून परतताना निडीला एक जण आमच्या डब्यात चढला. हातात पिशवी, पायात चप्पल, दिसायला गावचा शेतकरी. भावजींच्या समोरच बसला आणि हसून म्हणाला, काय हवालदार, सासुरवाडीहून का? भावजींनी मान हलवली. कासूला तो उतरून गेल्यावर त्यांनी आम्हाला सांगितलं की हा माणूस गुप्त बातम्या काढणाऱ्या शाखेतला. पेणला आम्ही वेगवेगळ्या दारांनी उतरलो.

चार-आठ दिवसांत साहेबांचं बोलावणं आलं. भावजी आत गेले, सलाम ठोकला, तर साहेब म्हणाले, “बसा.” हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्या खात्यात साहेब शिव्या घालतो तोवर नोकरी शाबूत असते. हवालदाराला कोणी साहेब समोर खुर्ची देत नाही. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, किमयाच्या कॉलेजची चौकशी केली आणि संघटनेचं अवाक्षर न काढता त्यांना जायला सांगितलं. घरी येऊन भावजी जेवले नाहीत. हे वहिनींनी मला सांगितलं.

मग लाईनीचा वाराच बदलला. नळावर संघटनेत न आलेल्या बायका आम्ही गेलो की हंडे उचलून चालू लागत. तो पिशवीवाला फाटकासमोरच्या टपरीवर चहा पीत बसायला लागला. जगनला एकाएकी रविवारची कामं आठवू लागली. मी विचारलं तर म्हणाला, “तुला काय कळतं गो?” मला सगळं कळत होतं. संघटना सोडून द्या, असं मी वहिनींनाही सुचवून पाहिलं. त्यांनी पुतळीच्या खोलीकडे बोट दाखवलं.

मागण्यांवर उत्तर येईना, म्हणून आम्ही उपोषण ठरवलं आणि साहेबांच्या कचेरीसमोर सतरंज्या टाकून बसलो. पोलिसांची गाडी आली आणि तिच्यातून कमळाकरभावजी उतरले, त्यांच्यामागे जगन. एवढ्या माणसांतून साहेबांनी नेमके हे दोघे निवडले होते. साहेब मऊ आवाजात म्हणाले, हा जमाव बेकायदा आहे. महिला पोलीस एकेकीला गाडीत बसवतील. हवालदारांनी फक्त प्रत्येकीला नाव विचारायचं आणि नवरा काय करतो ते विचारायचं.

तोंड न उघडणाऱ्या माणसाला ठाण्यात मारत बसत नाहीत. त्याच्या बायकोला त्याच्यासमोर आणून उभी करतात. ही रीत भावजींनीच जगनला शिकवली होती. आपल्यावर तीच चालली आहे, हे त्यांना त्या उन्हात ओळखता आलं नाही.

पुतळीची पाळी आली. नवरा काय करतो, या प्रश्नाला ती म्हणाली, “मेला.” मग ते नमितावहिनींसमोर आले.

“नाव?”

“नमिता कमळाकर ठाकूर.”

“नवरा काय करतो?”

“पोलीस हाय.”

“त्याचं म्हणणं काय आहे, तेही विचारा,” साहेब मागून म्हणाले.

भावजींनी विचारलं. वहिनींनी नवऱ्याकडे सरळ पाहिलं. “त्यांनी अजून तोंड उघडला नाय. मी पन वाट बघतंय.”

भावजी वळले, टाचा जुळवल्या आणि त्यांनी साहेबांना सलाम केला. “साहेब, हिचा नवरा मी हाय. रोह्याच्या सभांना मी व्हतो. मागण्या मीच काढल्यात.”

साहेब रागावले नाहीत. “एवढंच तुमच्या तोंडून हवं होतं, हवालदार. पुराव्यासाठी अडलं होतं.” मग ते जगनकडे वळले. “तुम्ही ऐकलंत ना?”

जगनने माझ्याकडे पाहिलं. रस्त्यावर ट्रकांचा गोंगाट होता. नाही ऐकलं म्हणाला असता तर त्याला कोणी खोटं पाडू शकलं नसतं. त्याच पडवीत तो बसला होता, तोच चहा प्यायला होता. मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, गप्प राहा, आयुष्यात एकदा तरी गप्प राहा.

“व्हय साहेब,” तो म्हणाला, “मी ऐकला.”

भावजींचा पट्टा तिथेच काढून घेतला. मला माझ्या नवऱ्याची किळस आली, आणि भीतीही वाटली, कारण संध्याकाळी मला त्याच्याच घरी जायचं होतं. महिला पोलिसाने हात धरायच्या आत मी उठले आणि वहिनींच्या मागोमाग गाडीत चढले. जगन पुढे आला आणि त्याने बाहेरून दाराला कडी घातली.