कोलंबोतली कुळथाची पिठी

वाढलेली ताटली काकींनी माझ्यासमोरून उचलली. मी घास अजून घेतला नव्हता. बोटं भातात होती. ताटली गेली, हात तसाच फरशीवर टेकला. शितं चिकटलेला.

काकींनी ताटलीतला भात आणि कुळथाची पिठी वर्तमानपत्रावर उलटी केली. पातळ पिठी कागदाबाहेर ओघळली. कागद त्यांनी दारापर्यंत सरकवला.

"भायर बसान खावा."

हे कोलंबोत घडलं. समुद्रापलीकडे. परक्या देशात.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. मालवण तालुक्यात प्राथमिक शाळेत मास्तर. ऐंशी-एक्क्याऐंशीची मे महिन्याची सुट्टी. अनुराधापूरचा बोधिवृक्ष एकदा डोळ्यांनी बघायचा, असं बाबांच्या मनात फार होतं. ते न बघताच गेले. म्हणून मी निघालो. तोंडवलीच्या किनाऱ्यावर गोरे लोक पाठीवर पिशवी बांधून फिरताना बघितले होते. तशीच एक ताडपत्रीची पिशवी शिंप्याकडून शिवून घेतली. रामेश्वरपर्यंत गाड्या बदलत गेलो, तिथून बोटीने पलीकडे. पलीकडच्या गाडीत मला गाढ झोप लागली. अनुराधापूर मागे राहिलं. डोळे उघडले ते थेट कोलंबोत.

स्टेशनबाहेर उभा राहिलो. पाट्या वाचता येत नव्हत्या. लोक काय बोलतात कळत नव्हतं. माझं तोडकं इंग्रजी कुणाला उमगत नव्हतं. मला आतापर्यंत वाटायचं, आपल्याला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी किती मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. दुपारपर्यंत त्याच चौकात चार वेळा फिरून आलो.

आणि मागून मालवणीत आवाज आला, "अगो, पिशवी सांभाळ गो!"

मी धावलोच. देवगडकडचे एक निवृत्त हेडमास्तर आणि त्यांची बायको. मी त्यांना लगेच गुरुजी आणि काकी म्हणू लागलो. रामेश्वर करून लंका बघायला आलेले.

"तुमी खंयचे?" गुरुजींनी विचारलं.

"मी मालवणाकडचो."

एवढंच सांगितलं. नेहमी एवढंच सांगायचो. वाडी सांगायची नाही, वाडीवरून जात कळते. आडनाव सगळ्या जातींत सापडणारं. कॉलेजात, नोकरीत, भाड्याची खोली घेताना मी तालुक्याच्या नावावर वेळ मारून नेत आलो होतो.

त्यांनी मला आपल्या लॉजवर नेलं. खोलीत तिसरी खाट होती. "हयच रवा," गुरुजी म्हणाले. काकींनी स्टोव्ह पेटवला. घरून आणलेलं कुळथाचं पीठ काढलं. पिठीला लसणाची फोडणी बसली आणि माझे डोळे भरून आले. "जेवा पोटभर," काकी म्हणाल्या. गुरुजींनी विचारलं, "आता पुढे खंय?"

मी आनंदात होतो. बोलून गेलो. अनुराधापूर, बोधिवृक्ष, बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेले बाबा.

काकींचा पळी धरलेला हात थांबला. गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ताटली उचलली गेली.

आतापर्यंत मालवणीत बोलणारे गुरुजी एकदम ऑफिसातल्या मराठीत बोलू लागले. "मास्तर, गैरसमज करून घेऊ नका. आमचं सोवळं आहे, इतकंच. आपल्याबद्दल मनात आदरच आहे."

खरं सांगतो. मी उठून दारापर्यंत गेलो. कागदापुढे उकिडवा बसलो. दोन दिवस पाव आणि केळ्यांवर काढले होते. पिठीला आईच्या हातच्या पिठीचा वास होता. माझा हात पुढे गेला. त्या कागदाची मला आज लाज वाटत नाही. त्या पुढे गेलेल्या हाताची वाटते.

हात मागे घेतला. उभा राहिलो. मालवणीतच बोललो.

"गुरुजी, ह्या अख्ख्या शहरात माका कोण वळखत नाय. तुमीच तेवढे वळखलात."

पिशवी पाठीवर घेतली. काकी पुटपुटल्या, "खंय जातलास? भाषा तरी येता काय हयची?"

"नाय येत."

जिना उतरलो. चालत राहिलो. एका खानावळीत बाईने भात वाढला, पाण्याचा पेला माझ्या हातात दिला, हसून काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. तिने जात विचारली नाही. पण नावही विचारलं नाही. समुद्राकाठी जाऊन बसलो. इतका एकटा मी त्याआधी कधी नव्हतो, त्यानंतरही नाही.

उगाच बोललो, गप्प राहिलो असतो तर पोटभर जेवलो असतो, असंच आधी वाटत राहिलं. मग माझाच मला राग आला. ताटली त्यांनी उचलली होती आणि चूक मी माझ्यात शोधत होतो. अठ्ठावीस वर्षं हेच करत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी अनुराधापूरला गेलो. बोधिवृक्षाखाली बसलो. मन शांत वगैरे झालं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. नवे हेडमास्तर बदलून आले होते. चहाचा कप माझ्यापुढे करत त्यांनी विचारलं, "तुम्ही नेमके कुठले, मास्तर?"

"बौद्धवाडीतलो," मी म्हणालो. मोठ्याने. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

कप हवेतच थांबला. मी हात पुढे केला नाही, नजरही खाली घातली नाही. कप द्यायचा की मागे घ्यायचा, ते त्यांनी ठरवावं. मी कोण ते मी सांगितलं होतं. यापुढे प्रत्येक दारात तेच आधी सांगणार होतो, मग आत पाऊल टाकणार होतो.