ओढायचं नाही, हात पुढे करायचा

मिहिका आणि ओम, तुमचे दिनूआजोबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्यापाशी बसले होते. फरीदाबादच्या त्या इस्पितळात खिडकीबाहेर मेट्रोचे खांब दिसतात. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण उजवा हात चादरीवर उताणा होता, बोटं किंचित वाकलेली. नर्सला वाटलं, काहीतरी हवंय. तिने आधी पाण्याची बाटली हातात देऊन पाहिली, मग मोबाइल. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "आंटीजी, आप ही पूछिए ना, क्या माँग रहे हैं?" मी म्हटलं, "माँग नहीं रहे बेटा, रुके हुए हैं." तिला ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळातून फोन आला... आणि त्या मुलीला नीट समजावून सांगायचं राहून गेलं. आता महिना उलटून गेला आहे, तेव्हा निदान तुम्हाला तरी सांगते. ही गोष्ट घडली त्या वर्षी तुमचा बाबा हॉस्टेलवर होता, त्यामुळे त्यालाही ती अर्धीच ठाऊक आहे.

आधी हे सांगायला हवं की दिनूभाऊजी, म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, नागपूरहून फरीदाबादला आले ते ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनियर म्हणून. त्यांनी लग्न केलं नाही. ते आमच्याच घरी राहिले. कारखान्यातले त्यांचे एक वयस्कर वरिष्ठ थंडीत परवाना काढून बदकांच्या शिकारीला जात, आणि भाऊजी त्यांच्याबरोबर. बंदुकीत त्यांचं मन कधी रमलं नाही, ते रमलं वरिष्ठांच्या लॅब्रेडॉर कुत्रीत. शिकाऱ्याने पाडलेला पक्षी पाण्यातून, झाडोऱ्यातून शोधायचा आणि दात न लावता आणून हातात द्यायचा, हे तिचं काम. पुढे नव्वदीच्या सुरुवातीला शिकारीचे परवाने कायमचे बंद झाले. वरिष्ठ परदेशात मुलाकडे निघून गेले आणि जाताना कुत्री भाऊजींच्या पायाशी बसवून गेले. तिला लवकरच पिल्लं झाली.

शिकार बंद झाली तरी भाऊजींनी पिल्लांना शिकवणं बंद केलं नाही. आमचं भाड्याचं घर नव्या सेक्टरच्या कडेला होतं. पुढे सरसोंची, म्हणजे मोहरीची शेतं, मागे अर्धवट बांधलेल्या कोठ्या, म्हणजे बंगले. घरातल्या बोळवजा पॅसेजची सगळी दारं लावून ते जमिनीवर बसत, मोज्याचा बोळा टाकत, आणि पिल्लाला परत यायला एकच वाट उरे, त्यांच्याकडे. पिल्लू आलं की ते गुडघ्याजवळ हात उताणा धरून थांबत. ओढायचं नाही, हिसकायचं नाही, हाकही मारायची नाही. पिल्लाला वाटेल तेव्हा ते मोजा हातात ठेवेल. एकदा तुमचे आजोबा गंमत म्हणून पिल्लाशी मोज्याची रस्सीखेच खेळले, तर भाऊजी घरभर ओरडत सुटले.

"दादा, तू तिचं तोंड बिघडवतोयस! ओढलंस की ती दात रोवते. उद्या पक्षी आणेल तो चेचलेला असेल."

"अरे, पण पक्षी येणार कुठून? करोल बागेच्या बाजारातून?" आजोबा म्हणाले.

सगळे हसले. माझ्या मनात मात्र तोच प्रश्न वेगळ्या रीतीने होता आणि मी तो एकदा विचारलाही. त्या वेळी मी स्वयंपाकघरात ताट हातात घेऊन उभी होते. बंदुकीच्या आवाजाची भीती बसू नये म्हणून पिल्लं खात असताना लांबून स्टीलचं ताट वाजवायचं, दररोज थोडं जवळ यायचं, आणि हे काम माझ्याकडे होतं. नंतर दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल. मी म्हटलं, "भाऊजी, आणायला शिकवता म्हणजे आधी कुणीतरी मारायला हवं ना?" ते म्हणाले, "वहिनी, मी फक्त आणायला शिकवतो. मारणं माझ्या खात्यात नाही." उत्तर मला पटलं नव्हतं, आणि त्यांनाही पुरतं पटलेलं नसावं, कारण त्या दिवशी त्यांनी ताट माझ्या हातून काढून घेतलं आणि स्वतःच वाजवत बसले.

त्या पिल्लांत एक फिकट पिवळी होती. तिचं नाव बुंदी. बाकीची ओळखीच्यांकडे गेली, बुंदी मात्र मल्होत्राजींना कबूल झाली होती. मल्होत्राजी आमचे बिल्डर. दोघा भावांनी मिळून त्यांच्या नव्या वसाहतीत घर घेतलं होतं. खाली आम्ही, वर भाऊजी. पैसे भरून झाले होते, भिंती उभ्या होत्या, पण ताबा मिळत नव्हता. आज पाणी नाही, उद्या वीज नाही. मल्होत्राजी वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. पिल्लं पाहायला आले तेव्हा सूट घालून सरळ फरशीवर बसले आणि बुंदीला टाय चावू दिला. "इंजिनियर साहब, इसको पूरा ट्रेन करके मुझे दीजिए. शौक है अपना." भाऊजींनी हो म्हटलं. ताब्याचा विषय कुणी काढला नाही, पण तो खोलीत बसलेला होताच.

बुंदी वर्षाची होत आली तेव्हा जानेवारीत मल्होत्राजींचा निरोप आला, रविवारी सकाळी यमुनेच्या खादरात यायचं. खादर म्हणजे नदीकाठची पुराची सखल जमीन, गवत आणि पाणथळी. भाऊजींनी दोनदा विचारून घेतलं होतं, बंदूक फक्त आवाजापुरती ना? "बिल्कुल, सिर्फ़ आवाज़. भाभीजी को भी लाइए, पिकनिक हो जाएगी." म्हणून मी पराठे, लोणचं आणि चहाचा थर्मास घेतला. तुमचे आजोबा कानटोपी घालून निघाले. मल्होत्राजींच्या नव्या जीपमध्ये त्यांचे दोन पाहुणे होते, कारखान्यासाठी जमीन बघायला आलेले, एक गोरा आणि एक मुंबईचा. धुकं इतकं होतं की पाणी कुठे सुरू होतं ते दिसत नव्हतं.

भाऊजींनी आधी डमी, म्हणजे सरावाचा खोटा पक्षी, टाकून दाखवली. ही डमी मीच मशीनवर शिवलेली, कॅनव्हासची, दोन्ही बाजूंना बदकाची जुनी पिसं बांधलेली. बुंदी बसून राहिली, "जा" म्हटल्यावरच गेली, पोहत आली, हातात दिली. गोऱ्याने टाळ्या वाजवल्या. मल्होत्राजी खूश झाले. मग धुकं थोडं वर उचललं, आणि पलीकडच्या गवतातून बदकांचा थवा उठला.

पहिला आवाज झाला तेव्हा मला वाटलं, हाच तो आवाजापुरता. दुसऱ्या आवाजासरशी थव्यातून एक बदक तिरपं होऊन खाली आलं आणि पाण्यावर एका पंखाने तडफडायला लागलं.

बुंदी भाऊजींच्या डाव्या गुडघ्याशी बसली होती, सगळं अंग थरथरत होतं, पण जागची हलली नव्हती. तिला तसंच शिकवलं होतं. ती पाण्याकडे बघे, मग भाऊजींच्या तोंडाकडे. भाऊजींचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"भेजिए, भेजिए!" मल्होत्राजी म्हणाले.



"क्वीन, गो!" मल्होत्राजींनी तिचं नाव आधीच बदलून ठेवलं होतं. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. बुंदीने कान मागे घेतले, पण ती उठली नाही. पाहुण्यांसमोर हे होत होतं. मल्होत्राजी हसले, पण आवाज हसरा नव्हता. "इंजिनियर साहब, घर की चाबी भी तो हमसे ही लेनी है ना?"

तुमचे आजोबा हळूच म्हणाले, "दिनू... पाठव ना रे."

बदक तडफडत खोल पाण्याकडे सरकत होतं. भाऊजी ते बघत होते. मला वाटतं, त्यांनी घराचा विचार केला नाही, त्या बदकाचाच केला, की असं सोडलं तर ते तासन्‌तास तसंच राहील. ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "जा."

बुंदी गेली. गार पाणी कापत गेली, बदक तोंडात धरलं, वळली. आणि गवताजवळ येऊन थांबली, कारण काठावर मल्होत्राजी पुढे झाले होते. एका हातात बंदूक, दुसरा हात तिच्या दिशेने हिसका देत, "ला! इधर ला! कम!" तिने असा हात कधी पाहिला नव्हता. ती मागे फिरली, परत वळली, पुन्हा मागे फिरली. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. ती दमत चालली होती, डोकं खाली जात होतं, पण तोंडातलं सोडत नव्हती. मल्होत्राजी जितके ओरडत तितकी ती लांब जाई. मग भाऊजी बुटांसकट पाण्यात उतरले. त्यांना पोहता येत नव्हतं, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

"दिनू!" आजोबा ओरडले.

पाणी कमरेपर्यंत आलं, मग छातीपर्यंत. खाली चिखल होता, एकदा ते तोल जाऊन कलंडले आणि सावरले. मल्होत्राजींच्या हातातली बंदूक बोलता बोलता हलत होती आणि तिची नळी त्या दोघांच्याच रोखाने होती. मी तेव्हा शाळेत शिकवायचे, वर्गात वापरायचे तो आवाज काढला, "भाईसाहब, पहले बंदूक नीचे कीजिए. अभी." त्यांनी चपापून माझ्याकडे पाहिलं आणि नळी खाली केली.

भाऊजी थांबले होते. हाक नाही, शिट्टी नाही. पाण्यालगत उजवा हात उताणा धरला होता, बोटं किंचित वाकलेली. दातावर दात वाजताना काठापर्यंत ऐकू येत होते. बुंदीने एक वळसा घेतला... मग आणखी एक. मग ती सरळ त्यांच्याकडे आली आणि बदक त्यांच्या हातावर ठेवलं.

ते जिवंत होतं. दात कुठेही लागला नव्हता. जे मोडलं होतं ते छर्‍यानेच. भाऊजींनी ते स्वेटरच्या आत घेतलं आणि बुंदीचा पट्टा धरून काठाला आले.

"लाइए," मल्होत्राजी म्हणाले.

"ज़िंदा है."

"तो?"

"तो नहीं दूँगा."

"और कुतिया? वो भी नहीं देंगे?"

"ज़बान दी थी. बुला लीजिए, आए तो आपकी." आणि भाऊजींनी पट्टा सोडला, दोन्ही हात पाठीमागे बांधले. ते नुसते उभे राहिले, तिच्याकडे बघितलंही नाही. मल्होत्राजींनी हाक मारली, चुटक्या वाजवल्या, माझ्याच डब्यातला पराठा पुढे केला. बुंदीने सगळ्यांच्या अंगावर पाणी झटकलं आणि येऊन भाऊजींच्या डाव्या गुडघ्याशी बसली. गोरा हसला. मला वाटतं, त्या हसण्यानेच सगळं संपलं. मल्होत्राजींनी चहाचा पेला गवतात ओतला, पाहुण्यांना जीपमध्ये बसवलं आणि निघून गेले. पराठेही गेले. आम्ही तिघं, एक भिजलेली कुत्री आणि स्वेटरमधलं बदक असे चालत पक्क्या रस्त्याला लागलो, तिथून ऊस नेणाऱ्या ट्रॉलीवर बसून घरी आलो. वाटभर आजोबा एकच वाक्य बोलले, "आता घर विसरा."

बदक आमच्या न्हाणीघरात टबात ठेवलं. डॉक्टरांनी पंख बांधून दिला, भाऊजी त्याला हाताने दाणे भरवत. दोन-तीन दिवस ते बरं वाटलं आणि मग एका दुपारी मान टाकून पडलं. मी धीराचं काहीतरी बोलायला गेले, ते म्हणाले, "राहू द्या, वहिनी." समोरच्या सरसोंच्या बांधाशी त्यांनी ते पुरलं. बुंदी बांधावर बसून बघत होती.

घराचा ताबा मिळायला आणखी दोन उन्हाळे गेले. भाड्याच्याच घरी राहून टँकरमागे बादल्या घेऊन धावताना आजोबा म्हणायचे, "एका बदकापायी आपण हे पाणी भरतोय." भाऊजी म्हणायचे, "दादा, तुझी बादली दे, मी भरतो," आणि खरंच भरायचे. माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी पुन्हा दिलं नाही. पण बुंदीला पिल्लं झाली तेव्हा मी सवयीने ताट घेऊन दाराशी गेले, तर त्यांनी मान हलवली. डमीची पिसं सोडवून टाकलेली होती. पिस्तूल कुठे गेलं, विचारलं नाही. मोजा, पॅसेज आणि उताणा हात एवढंच राहिलं. त्या पिल्लांनी आणि त्यांच्या पिल्लांनी जन्मभर कुणाच्या चपला आणल्या, कुणाचं वर्तमानपत्र. एकाही वर्तमानपत्राला कधी भोक पडलं नाही.

आता घरात जिलबी आहे, बुंदीच्या वंशातली शेवटची, तीही म्हातारी. रोज सकाळी ती वर जाते आणि दिनूआजोबांच्या खुर्चीसमोर मोजा तोंडात धरून उभी राहते. कामवाल्या बाईंनी बिस्कीट दाखवून पाहिलं. परवा शेजारच्यांनी मोजा ओढायला हात घातला, तेव्हा मी त्यांना जरा जोरातच थांबवलं. तुम्ही दोघं डिसेंबरात याल तेव्हा तुम्हालाही ओढावासा वाटेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते आहे.

मी त्यांच्या खुर्चीत बसते. गुडघ्याजवळ हात उताणा धरते, बोटं किंचित वाकवून. माझ्या वयाला ते सोपं नाही, खांदा भरून येतो. काल जिलबी पुढे आली, मोजा माझ्या तळहातावर टेकवला, तिचा श्वास मनगटाला लागला... पण सोडला नाही. मी हात तसाच ठेवला.