पोट चिरायचं का वाट पाहायची

निजामाच्या अमलातली गोष्ट. मंठ्याकडच्या खेड्यात नांदत होते, पहिलटकरीण. कळा सुरू झाल्या तशा आत्याबाईंनी, म्हंजे माझ्या सासूनं, घरातली एकूण एक गाठ सोडली. रीतच हाय ती. गाठी सुटल्या की बाई मोकळी होती म्हणं. पेटीचं कुलूप काढलं, डब्यांची झाकणं उघडली, माझी वेणी सोडली. तेवढ्यावर थांबावं का न्हाई? गोठ्यातल्या बैलांची दावी बी सोडली! अती तिथं माती.

बैल गेले दुसऱ्याच्या जवारीत. इकडं सुईण म्हणाली, "लेकरू आडवं हाय, जालन्याला न्या जल्दी." तर गाडीला जुंपायला बैलच न्हाईत! मालक शिवारभर बैल हुडकून राह्यले अन् मी घरात कळा सोसून राह्यले.

गाडीतली वाट सपनावाणी आठवते. वर आभाळ सरकायचं, घुंगरं वाजायची, कळ आली की सगळं पुसून जायचं. मधीच माय दिसायची. ती कवाच गेल्ती, तरी मी तिच्याशी बोलले. बरं वाटलं.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई म्हणाली, "फार उशीर केलात. पोट चिरलं तर बाळ वाचेल, पण ताप चढून बाई जाऊ शकते. नाही चिरलं तर बाई बहुतेक वाचेल, बाळ मात्र जिवंत हाती यायचं नाही."

दाराशी पंचायत बसली. पोट माझं अन् बोलून राह्यले दुसरेच! मालकाला तर काही सुधरंना. आत्याबाई म्हणाल्या, "लेकरू पुन्हा होईल. ही कुठून आणू?" नांदायला आल्यापासून उठता-बसता त्यांचे टोमणेच ऐकले होते. मला रडूच कोसळलं.

पण मी हट्टी ती हट्टीच. डॉक्टरीणबाईचा हात धरला अन् म्हणलं, "चिरा." लेकराची लाथ मला लागत होती, त्यांना न्हाई.

मंग नाकावर फडकं आलं, गोडसर वासाचं. मी जवारीतून चालून राह्यले होते. कणसं खांद्याला घासत होती. माय पुढं चालली होती. हाका मारल्या, वळंना. वळली न्हाई तेच बरं.

जाग आली तवा दिवस चांगला वर आल्ता. कुठंतरी लेकरू टाहो फोडून राह्यलं होतं. आत्याबाई पायथ्याशी बसून माझे तळवे चाचपत होत्या, गरम हायत का गार.

"आत्याबाई, पोरगा का पोरगी?"

"थांब गं," त्या म्हणाल्या, "म्या अजून पाह्यलंच न्हाई."